उमेदवार ते भागीदार: सल्लागार संस्थेतील पदश्रेणीची कुळकथा

कोकणातील वेळणेश्वरात ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने २०१२ मध्ये महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. अशा महाविद्यालयातून सल्लागार संस्थेत शिरणाऱ्या पदवीधरापुढे ॲनालिस्ट, कन्सल्टंट, मॅनेजर, प्रिन्सिपल आणि शेवटी पार्टनर, म्हणजे भागीदार, अशी पदश्रेणी मांडली जाते. संस्थेनुसार नावे बदलतात, क्रम मात्र फारसा बदलत नाही. ही श्रेणी व्यवस्थापनशास्त्राने निर्माण केली असा सर्वसाधारण समज असला, तरी तिचे मूळ वकिली आणि हिशेबनिसी या दोन जुन्या व्यवसायांत आहे.

लेखणीच्या बळावर पद मिळवण्याची रीत मात्र कोकणाला ही श्रेणी येण्याआधीपासून परिचित होती. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट धनाजी जाधवांच्या पदरी कारकुनी करून सरसुभेदारीपर्यंत पोहोचले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. पुढे पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन भाग झाले: दैनंदिन कारभाराचे ‘चालते दफ्तर’ आणि सर्व विभागांचे हिशेब एकत्र जुळवणारे ‘एकबेरीज दफ्तर’. मुलखात मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस इत्यादी ‘दरकदार’ असत; त्यांची नेमणूक थेट सरकारातून होई आणि महसूल वसूल करणाऱ्या कमाविसदाराला त्यांना काढता येत नसे, त्यामुळे त्याच्या कारभारावर आपोआप देखरेख राही. आजच्या संस्थांत अहवाल ग्राहकाकडे जाण्यापूर्वी दुसऱ्या भागीदाराने तपासण्याची जी पद्धत आढळते, तिच्यामागचा अविश्वास याच जातीचा आहे. मात्र दफ्तरातील वरची पदे वंशपरंपरागत होत गेली. स्वतः कारकुनीतून वर आलेल्या बाळाजी विश्वनाथांची पेशवाई त्यांच्याच घराण्यात राहिली, आणि वेळासच्या भानू घराण्यातील बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना फडणीस, यांना वडिलांच्या मृत्यूनंतर १७५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, फडणिशी मिळाली. नानांच्या बाबतीत निवड उत्तम ठरली हे खरे, पण ते घराण्याचे सुदैव होते, पद्धतीचे नव्हे.

पेशवाई गेल्यावर इंग्रजी कचेऱ्यांत जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकणारा ‘उमेदवार’ दिसू लागला. त्याचा इंग्लंडमधील समव्यवसायी कायद्याने बांधलेला होता, कारण १७२८ च्या कायद्याप्रमाणे ॲटर्नी होण्यासाठी लेखी कराराखाली पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. या कराराला ‘आर्टिकल्स’ म्हणत. मुंबईच्या सॉलिसिटर कचेऱ्यांनी आणि हिशेब तपासनिसांनी ही रीत उचलली, तर १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यानंतर ती देशभर रुजली. सीए होऊ पाहणारा विद्यार्थी आजही ‘आर्टिकलशिप’ करतो, फक्त २०२३ च्या नव्या योजनेत तिची मुदत दोन वर्षांवर आली आहे.

उमेदवारीला बढतीच्या कठोर नियमाची जोड मिळाली ती न्यूयॉर्कमध्ये. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल क्रॅव्हाथ यांनी आपल्या वकिली संस्थेत उत्तम निकालाचे नवे पदवीधर घ्यावेत, त्यांना वेगवेगळ्या भागीदारांच्या हाताखाली तयार करावे, भागीदार त्यांच्यातूनच निवडावेत आणि उरलेल्यांनी संस्था सोडावी, अशी पद्धत बसवली. शिकागोत हिशेबशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये सल्लागार संस्था स्थापन केली, आणि तेथे १९३३ मध्ये दाखल झालेल्या मार्विन बॉवर या मूळच्या वकिलाने वकिली संस्थांचे संस्कार तिच्यात उतरवले. ‘अप ऑर आउट’, म्हणजे ठरावीक मुदतीत वरचे पद मिळवावे नाहीतर बाहेर पडावे, हा नियम तेथे १९५० च्या दशकात रूढ झाला. त्यामागे गुणवत्तेचा आग्रह होता तसाच रोखठोक हिशेबही होता. काम आणणारा भागीदार एक, ते पार पाडणारे मॅनेजर काही, आणि आकडे गोळा करून तक्ते मांडणारे ॲनालिस्ट पुष्कळ, असा मनोरा असल्यावर भागीदाराचा नफा खालच्यांच्या वेळेचे शुल्क आणि त्यांचा पगार यांतील फरकावर उभा राहतो. सगळेच टिकून वर सरकले, तर वाटेकरी वाढतात आणि काम करणारे हात कमी पडतात. म्हणून बाहेर पडणे ही नामुष्की न मानता, गेलेला माणूस उद्याचा ग्राहक होईल या धोरणी हिशेबाने त्याला सन्मानाने निरोप देण्याची प्रथा पडली.

भारतात या श्रेणीला वेगळे वळण लागले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून सुरू झाली, २००४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, आणि तिच्यासारख्या कंपन्यांत ‘कन्सल्टंट’सारखी पदनामे राहिली तरी शेवटची पायरी भागीदारीची उरली नाही. तेथे वरपर्यंत पोहोचलेला अधिकारीही पगारदारच असतो, कारण मालकी भागधारकांची असते, आणि काही शेअर विकत घेऊन त्यांच्यात सामील व्हायला ॲनालिस्टलाही कोणाच्या बढतीपत्राची गरज नसते.