विकारविलसित : कल्पित पात्राचें वेड आणि त्याचें निदान

गेल्या पावसाळ्यांत माणिकपुरांतील एका स्नेह्याच्या घरीं आम्ही पांचसहा मंडळी जमलों होतों. बाहेर पावसाची झड लागली होती आणि घरांत दूरचित्रवाणीवर एक मालिका चालली होती. तिची नायिका रात्रीमागून रात्री जागून नवे नवे बेत रचते, उसना पैसा उधळते, भेटेल त्याच्याशीं अखंड बोलत सुटते. आणि पुढें कांहीं भाग गेल्यावर तीच मुलगी अंथरुणांतून उठेनाशी होते. कथालेखकानें तिच्या या स्थितीस कोठेंहि नांव दिलेलें नव्हतें. परंतु मंडळींतील एका तरुणानें तें क्षणार्धांत देऊन टाकिलें. ‘ही बायपोलर आहे,’ तो म्हणाला. आणि लागलीच वाद माजला. एक म्हणाले, मुलीस रोगबीग कांहीं नसून ती केवळ लाडावलेली आहे. दुसरे म्हणाले, कागदावरच्या बाहुलीची नाडी पाहणारे तुम्ही कोण?

आमच्या स्नेह्यांच्या वडील भगिनी तेथेंच भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या स्वतः या आजारावर पुष्कळ वर्षें लिथियमच्या गोळ्या घेत आहेत, हें घरच्यांस ठाऊक होतें. आम्हां पाहुण्यांस नव्हतें. वाद रंगात आला असतां त्या शांतपणें म्हणाल्या, ‘त्या पोरीला दहा भागांत नांव मिळालें. मला मिळायला नऊ वर्षें लागलीं. तोंवर सगळे मला नाटकी म्हणत.’ यावर कोणासहि उत्तर सुचलें नाहीं. त्यांच्या अनुमतीनें तें वाक्य येथें दिलें आहे; कारण पुढील सर्व विवेचनाचें बीज त्यांतच आहे.

कल्पित पात्राच्या मनाचा रोग ओळखूं पाहणें हा दूरचित्रवाणीच्या काळांतला नवा चाळा आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु महाराष्ट्रांत या प्रश्नास निदान १४० वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ एका ग्रंथाच्या नांवांतच सांपडतो. गोपाळ गणेश आगरकर यांनीं शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचें मराठी भाषांतर केलें आणि १८८३ सालीं तें प्रसिद्ध झालें. कोल्हापूर प्रकरणांतील खटल्यामुळें टिळक व आगरकर यांस १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांशीं या भाषांतराचा संबंध सांगितला जातो. आगरकरांनीं हॅम्लेटास चंद्रसेन केलें आणि नाटकास नांव दिलें ‘विकारविलसित’.

या नांवाकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. आज ‘मनोविकार’ हा शब्द कानीं पडला कीं आपणांस रुग्णालय, वैद्य आणि औषध आठवतें. आगरकरांच्या काळच्या मराठींत मात्र क्रोध, शोक, प्रीति, मत्सर, भय हे सर्व मनोविकारच होत. विकार म्हणजे मनाची चलबिचल. ती ज्याला नाहीं तो एक योगी तरी असावा किंवा पाषाण तरी. अर्थात् ‘विकारविलसित’ म्हणजे रोगाचा खेळ नव्हे, तर मनुष्याच्या अंतःकरणांत उसळणाऱ्या भावनांचा खेळ. शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ घरांतून दवाखान्यांत गेला. जें पूर्वीं सर्वांचें होतें तें आतां कांहीं थोड्यांचें झालें. कल्पित पात्राच्या निदानाविषयीं जो वाद आज होतो, तो वस्तुतः या शब्दाच्या दोन अर्थांमधलाच वाद आहे.

शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी यांनीं चंद्रसेनाची भूमिका महाराष्ट्रभर गाजविली. हा मनुष्य खरा वेडा कीं वेडाचें सोंग घेतलेला, हा या भूमिकेंतील मोठा पेंच आहे. आणि गंमत अशी कीं, नाटकांतील पात्रेंहि तोच प्रश्न आपसांत सोडवीत असतात. पोलोनियस म्हणतो, राजपुत्र प्रेमभंगानें वेडा झाला. राणीस वाटतें, बापाचा मृत्यु आणि आपला उतावळा पुनर्विवाह हेंच कारण असावें. राजास संशय येतो कीं हें वेड नसून दुसरेंच कांहीं शिजत आहे. प्रत्येकाचें निदान त्याच्या स्वतःच्या स्वार्थास किंवा भीतीस अनुसरून आहे. पोलोनियसास आपल्या मुलीचें महत्त्व वाढवावयाचें आहे. राणीस मनांतली टोंचणी स्वस्थ बसूं देत नाहीं. राजाचा हात रक्तानें माखलेला आहे. दुसऱ्याच्या मनास नांव देतांना मनुष्य आपल्याच मनाचा नकाशा कसा काढीत असतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां वैद्यकाकडे वळूं. उन्मादाचा विचार आपल्याकडे चरकसंहितेंत झालेला आहे. वात, पित्त, कफ, तिघांचा सन्निपात आणि आगंतुक कारण असे त्याचे पांच प्रकार तेथें सांगितले असून मन, बुद्धि, स्मृति, शील, आचार इत्यादि आठ गोष्टींच्या विभ्रमावरून तो ओळखावा असें म्हटलें आहे. शेक्सपीअरच्या इंग्लंडांतहि काळ्या पित्तामुळें खिन्नता येते अशी समजूत होती. टिमथी ब्राइट या वैद्याचा त्या विषयावरील ग्रंथ १५८६ सालचा, म्हणजे ‘हॅम्लेट’च्या थोडा आधींचा आहे. परंतु उन्माद व खिन्नता हे दोन निराळे रोग नसून एकाच आजाराचीं दोन टोंकें असूं शकतात, ही गोष्ट पद्धतशीरपणें मांडली गेली ती १८५४ सालीं पॅरिसांत. फाल्रे व बायार्झे या दोन फ्रेंच वैद्यांनीं एकाच वर्षीं ती मांडिली आणि शोधाच्या मानासाठीं ते एकमेकांशीं भांडले. पुढें १८९९ सालीं जर्मनींतील क्रेपेलिन यांनीं तीस एका व्यापक रोगाचें रूप दिलें. १९५७ सालीं लेओनहार्ड यांनीं ‘द्विध्रुवी’ हा भेद केला आणि १९८० सालच्या अमेरिकन निदानग्रंथांत तें नांव रूढ झालें. मध्यंतरीं १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं लिथियमचा गुण प्रसिद्ध केला. म्हणजे आगरकर भाषांतर करीत होते तेव्हां ही कल्पना युरोपांत जन्मून तीस वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि तिच्यावर गुणकारी औषध येण्यास आणखी ६६ वर्षें लागावयाचीं होतीं.

आजच्या निदानग्रंथाप्रमाणें उन्मादाची अवस्था बहुधा निदान सात दिवस टिकावी लागते, तिचें सौम्य रूप चार दिवस, आणि खिन्नतेची अवस्था दोन आठवडे. झोंप कमी होऊनहि थकवा न वाटणें, विचारांची धांव, अविचारी खर्च, स्वतःविषयीं अवास्तव मोठेपणा, अशीं लक्षणें एकत्र यावीं लागतात. सकाळीं हंसणारा मनुष्य संध्याकाळीं रुसला, एवढ्यावरून त्यास हें नांव देणारे लोक ग्रंथ न वाचतांच वैद्य झालेले असतात.

ही फूटपट्टी हॅम्लेटास लाविली तर काय दिसतें? प्रथम अनुकूल बाजू पाहूं. आपला सर्व आनंद हरपला आहे आणि त्याचें कारण आपणांस कळत नाहीं, व्यायामहि सुटला आहे, असें तो जुन्या मित्रांस सांगतो. तोच पुरुष नाटकवाले येतांच उत्साहानें भरून जातो, खुनाच्या जागीं विनोद करितो, चांच्यांच्या जहाजावर एकटा उडी घेतो आणि ऑफीलियाच्या थडग्यांत उतरून शोकाच्या फुशारक्या मारितो. त्या प्रसंगीं त्याच्याविषयीं असें सांगितलें जातें कीं, हा झटका कांहीं वेळ असाच राहील आणि मग तो कबुतरीसारखा मुकाट खालीं मान घालून बसेल. एखाद्या वैद्यानें रोगाच्या फेऱ्याचें वर्णन करावें तसें हें बोलणें आहे! परंतु येथेंच एक मौज आहे. दुसऱ्या क्वार्टो प्रतींत हे शब्द राणीच्या तोंडीं आहेत, तर १६२३ च्या फोलिओ प्रतींत ते राजाच्या तोंडीं आहेत. आईनें म्हटले तर ती मुलाची अनेक वर्षांची माहिती ठरते. खुनी काकानें म्हटले तर ती त्यास वेडा ठरविण्याची युक्तीहि असूं शकते. रोग्याचा पूर्ववृत्तांत कोणी सांगितला यावर निदान अवलंबून असतें, आणि येथें सांगणाराच निश्चित नाहीं.

प्रतिकूल बाजूहि बळकट आहे. आपण विचित्र वागण्याचें सोंग घेणार आहों हें हॅम्लेटानें पहिल्याच अंकांत सोबत्यांस सांगून ठेविलें आहे. शिवाय आरंभीं त्याच्या बापास मरून दोन महिनेहि पुरते झालेले नाहींत. १९९४ च्या निदानग्रंथांत मृत्युशोकाच्या पहिल्या दोन महिन्यांतील खिन्नतेस सामान्यतः रोग न मानण्याची सवलत होती. आत्महत्येचे विचार वगैरे गंभीर लक्षणें असल्यास ती लागू होत नसे. हॅम्लेटाच्या मनांत मृत्यूचे विचार आहेतच, तेव्हां त्या नियमाखालीं वैद्यांस वाद घालावा लागला असता. २०१३ च्या आवृत्तींत ती सवलतच काढून टाकिली. नाटकाचें एक अक्षरहि बदललें नाहीं. तथापि प्रश्न मात्र बदलला. पात्राचें निदान हें पात्राइतकेंच निदान करणाऱ्या युगाचेंहि वर्णन असतें, तें असें.

समीक्षकांतहि हा झगडा जुना आहे. ब्रॅडले यांनीं १९०४ सालीं हॅम्लेटाच्या दिरंगाईचें मूळ त्याच्या खिन्नतेंत शोधिलें. अर्नेस्ट जोन्स यांनीं १९१० सालीं फ्रॉइडच्या मतास अनुसरून तें बालपणींच्या गुंत्यांत शोधिलें. उलट एल. सी. नाइट्स यांनीं १९३३ सालीं लेडी मॅकबेथला मुलें किती होतीं, असा उपहासाचा प्रश्न आपल्या निबंधाच्या माथ्यावरच घालून बजाविलें कीं, पात्रें हीं काव्यांतील शब्दांचीं बनलेलीं असतात. शब्दांच्या बाहेर त्यांस आयुष्य नाहीं. नाइट्स यांचें म्हणणें आम्हांस बरेंच पटतें. मालिकेंतील नायिकेची आजी कशी होती, ती लहानपणीं झोंपत होती किंवा नाहीं, हें वैद्यानें विचारावें असे प्रश्न तिला विचारतांच येत नाहींत. जेथें पूर्ववृत्तांत नाहीं तेथें निदानहि नाहीं.

मग लेखकानेंच रोग सांगितला असेल तर? अमेरिकेंतील ‘होमलँड’ मालिकेची नायिका कॅरी मॅथिसन ही द्विध्रुवी विकाराची रुग्ण आहे हें २०११ सालच्या पहिल्याच पर्वांत उघड सांगितलें आहे. तेथें प्रेक्षकानें तर्क करण्याचें कारणच नाहीं. मराठींतहि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटांत छिन्नमनस्कतेनें ग्रासलेला शेष रंगविला. पुढें त्यांच्याच ‘कासव’ चित्रपटानें खिन्नतेच्या गर्तेंतील तरुणाची कथा सांगून २०१६ चें राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविलें. त्याचे निर्माते मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ व नट आहेत. या कृतींत रोग हा कथेचा विषय आहे, तरीहि माणूस रोगापेक्षां मोठा राहतो, आणि हीच त्यांची कसोटी होय.

एका गोष्टीचा आम्हांस विशेष खेद वाटतो. ‘हॅम्लेट’ नाटकांत जिची बुद्धि खरोखर भ्रमिष्ट होते ती ऑफीलिया. बाप मारला गेल्यावर ती गाणीं गात फिरते आणि पाण्यांत बुडून मरते. तिच्यावर लक्ष ठेवण्याची आज्ञा राजा देतो खरी, परंतु तिच्या दुःखाचें मूळ शोधण्यास कोणीच थांबत नाहीं. राजपुत्राच्या संशयास्पद वेडावर चारशें वर्षें ग्रंथ लिहिले गेले. मुलीच्या निःसंशय वेडाकडे टीकाकार बराच काळ करुण शोभा म्हणून पाहत राहिले. माणिकपुरांतल्या त्या बाईंचा ‘नाटकी’ हा शब्द आम्हांस येथें आठवला. हॅम्लेटाच्या सोंगांतहि लोकांस रोग दिसला. त्यांच्या रोगांत मात्र लोकांस सोंग दिसलें.

कायद्याचा इतिहासहि हेंच सांगतो. १८५८ व १९१२ चे हिंदुस्थानांतील कायदे ‘ल्युनॅटिक’ माणसास कोंडावें कसें यांत गुंतलेले होते. आमच्यापासून फार दूर नसलेल्या ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें, म्हणजे त्याच युगांतलें. १९८७ च्या कायद्यानें भाषा सुधारली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें त्यापुढें जाऊन सांगितलें कीं, उपचाराशीं किंवा कायद्यांत सांगितलेल्या इतर बाबींशीं संबंध नसतां कोणासहि मनोरुग्ण म्हणून वर्गांत घालूं नये, आणि समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक चालीरीतींशीं जुळत नाहीं एवढ्यावरून कोणास रोगी ठरवूं नये. हा नियम जिवंत माणसांसाठीं आहे. पात्रांस कोणी कायदा लावीत नाहीं. परंतु त्यांतील तत्त्व प्रेक्षकासहि उपयोगी आहे. पात्रास औषध देतां येत नाहीं. म्हणून त्याचें निदान करणाऱ्यानें स्वतःस विचारावें कीं, हें नांव मी कोणाच्या उपचारासाठीं देत आहें?

आमचें उत्तर असें. आपल्या मराठींत ‘नांव देणें’ निराळें आणि ‘नांवें ठेवणें’ निराळें. पडद्यावरील मुलीस पाहून जर एखाद्या घरांत कोणी म्हणेल कीं, आपली ताईहि अशीच रात्र रात्र जागत होती, आपण तिला उगाच बोल लाविला, चला, वैद्यांस विचारूं. तर तें निदान चुकीचें असलें तरी सार्थकीं लागलें. आणि तेंच नांव उद्यां शेजारच्या संतापी सुनेस किंवा कचेरींतल्या लहरी साहेबास चिकटविण्यासाठीं वापरलें, तर तें बरोबर असलें तरी पाप आहे. आगरकरांनीं ‘विकार’ हा शब्द सर्वांच्या मालकीचा ठेविला होता. तो पुन्हा तसा करतां आला, तर रोग्यास आपण आपल्यांतलाच मानूं आणि औषधहि लाजेवांचून देऊं. त्या संध्याकाळीं मालिका संपल्यावर तो तरुण त्या बाईंच्या जवळ जाऊन बसला आणि नऊ वर्षें नांव कां मिळालें नाहीं, हें त्यानें त्यांस विचारिलें. त्या बराच वेळ सांगत होत्या, आणि या वेळीं कोणी मध्यें बोललें नाहीं.