मुरलेली रीसलिंग आणि तिला मुरू देणारे लोक

मागचे काही भाग लढाया, तह आणि राजे यांत गेले, आज जरा वेगळा विषय. जुनी रीसलिंग. आधी उच्चार उरकून घेऊ: 'रायझलिंग' नाही, 'रीसलिंग'. जर्मनीतलं पांढरं द्राक्ष आणि त्याच नावाची वाइन.

पांढरी वाइन म्हटलं की ताजी प्या, थंड प्या, वर्ष-दोन वर्षांत संपवा, असं आपण ऐकलेलं असतं. बहुतेक पांढऱ्या वाइनना ते लागू पडतंच. चांगली रीसलिंग मात्र वीस-तीस वर्षं बाटलीत राहू शकते, आणि त्या काळात ती लोणच्यासारखी मुरते. ती का मुरते ते केमिस्ट्री सांगते. पण तिला मुरू द्यायची पद्धत कुणी बसवली आणि ती विसाव्या शतकात जवळपास मोडली कशी, हा इतिहास आहे. आजचा भाग मुख्यतः त्यावर.

सुरुवात एका हिशेबाच्या नोंदीपासून. 1435 साली कात्सेनएल्नबोगनच्या काउंटच्या हिशेबात र्युसेल्सहाइम इथल्या बागेसाठी रीसलिंगची कलमं घेतल्याचा खर्च लिहिलाय, 22 शिलिंग. रीसलिंगचा हा सर्वांत जुना सापडलेला उल्लेख. र्युसेल्सहाइम म्हणजे तेच, पुढे ऑपेल गाड्यांसाठी प्रसिद्ध झालेलं गाव. म्हणजे या द्राक्षाचा जन्मदाखला कुठल्या कवितेत नाही, खर्चाच्या वहीत आहे. मला हे फार आवडतं. आपल्याकडेही पेशवे दप्तरातले जमाखर्च वाचताना अशीच मजा येते.

पुढची तीनेकशे वर्षं रीसलिंग इतर द्राक्षांत मिसळून लावली जात होती. 1716 मध्ये फुल्डाच्या राजमठाधिपतीने ऱ्हाईनकाठची योहानिसबर्गची जागा विकत घेतली आणि 1720 पासून तिथे जवळपास निव्वळ रीसलिंग लावली. मग 1775 ची ती गोष्ट. तोडणी सुरू करायला फुल्डाहून लेखी परवानगी लागायची आणि ती घोडेस्वार आणायचा. त्या वर्षी स्वाराला उशीर झाला. अप्रूव्हल अडकलं म्हणून रिलीज अडकलं, इतकं साधं प्रकरण. तोवर द्राक्षांवर बुरशी धरली, मणी सुकले, आत साखर आटली. नाइलाजाने तीच तोडली, आणि वाइन अफलातून निघाली. 'श्पेटलेझे' म्हणजे उशिराची तोडणी, हा शब्द तिथून रूढ झाला असं सांगतात. स्वाराला उशीर का झाला याच्या मात्र दहा कहाण्या आहेत, त्या सोडून द्या. आणि बुरशी लागलेल्या द्राक्षांची वाइन जगात पहिल्यांदा इथेच झाली, हा दावाही खरा नाही. हंगेरीत टोकाय भागात ती आधीपासून करत होते. योहानिसबर्गचं श्रेय इतकंच की त्यांनी अपघाताचा नियम केला. पुढच्या वर्षांत मुद्दाम उशिरा तोडायला लागले.

1787 मध्ये ट्रिअरचा इलेक्टर क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस याने मोझेल खोऱ्यात हलक्या वेली उपटून चांगल्या लावा असा हुकूम काढला. 1816 मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने योहानिसबर्ग मेटरनिखला बहाल केलं, अट अशी की दर वर्षीच्या वाइनचा दहावा हिस्सा सम्राटाच्या घराण्याला द्यायचा. नेपोलियननंतरचा युरोप ज्याने बसवला त्या माणसाचं हे इनाम. यावरून या वाइनची पत कळावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या व्यापाऱ्यांच्या यादीत उत्तम ऱ्हाईन वाइनचे भाव बोर्दोच्या नामांकित वाइनच्या बरोबरीने, कधी वरही असायचे. इंग्रज तिला 'हॉक' म्हणायचे, होखहाइम या गावावरून.

आता एक गोष्ट बारकाईने बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळातली महाग रीसलिंग आजच्या समजुतीसारखी सरसकट गोड नव्हती. ती हजार-बाराशे लिटरच्या लाकडी पिंपांत कित्येक वर्षं ठेवायचे. यीस्ट हळूहळू साखर खात राहायचं. त्यामुळे अपवादात्मक वर्षं सोडली तर वाइन बाटलीत जाताना बरीच कोरडी झालेली असायची. विकली जायची तेव्हाच ती जुनी असायची. म्हणजे वाट बघायचं काम गिऱ्हाईकाचं नव्हतंच, व्यापाऱ्याचं होतं. लिलावात पिंप घ्यायचं, तळघरात सांभाळायचं, चव बघत राहायचं, योग्य वेळी बाटलीत भरायचं आणि लंडनला की न्यूयॉर्कला कुणाला काय आवडेल ते ओळखून पाठवायचं. हे सगळं ज्ञान या मधल्या माणसाकडे होतं.

आणि हा मधला माणूस बऱ्याचदा ज्यू होता. माइन्त्स, बिंगन, फ्रँकफर्ट, मोझेलकाठची गावं, सगळीकडे वाइनच्या व्यापारात ज्यू घराणी पिढ्यान्‌पिढ्या होती. पहिलं महायुद्ध, 1923 ची महागाई, अमेरिकेतली दारूबंदी, एवढं त्यांनी सोसलं. 1933 नंतर बहिष्कार सुरू झाला, मग लिलावांतून हाकलणं, मग पेढ्या कवडीमोलाने बळकावणं. नोव्हेंबर 1938 च्या फर्मानाने उरलंसुरलं संपलं. गंमत नव्हे, विटंबना म्हणा: 1934 आणि 1935 ला पीक भरघोस आलं आणि ते विकणारी माणसंच हाकललेली. मग राजवटीने शहरांना वाइनची गावं 'दत्तक' घ्यायला लावली, वाइनचे उत्सव भरवले, 1935 मध्ये 'जर्मन वाइन रस्ता' उघडला. आज पर्यटक त्या रस्त्यावर हौसेने फिरतात. फिरावंच, पण तो कधी आणि का झाला तेही माहीत असू द्यावं.

यातलं एक घराणं म्हणजे माइन्त्सचं झिशेल. त्यातला पेटर झिशेल, जन्म 1922. कुटुंबाला देश सोडावा लागला, फ्रान्समार्गे तो अमेरिकेत पोहोचला, युद्धात अमेरिकी गुप्तचर खात्यात शिरला, नंतर सीआयएसाठी बर्लिन आणि हाँगकाँगला काम केलं. 1960 च्या सुमारास ते सोडून तो घरच्या धंद्यात परतला आणि घरचाच एक ब्रँड त्याने जगभर नेला: ब्लू नन. हलकी गोडसर, स्वस्त लीबफ्राउमिल्श. जाहिरातीचा गाभा असा की कुठली वाइन कशाबरोबर हा विचारच नको, ही एकच सगळ्या जेवणाला चालते. जाणकार या बाटलीला नाकं मुरडतात. मला त्या माणसाला दोष द्यावासा वाटत नाही. जुनं गिऱ्हाईक, जुनी तळघरं, जुनी साखळी सगळंच उद्ध्वस्त झालेलं, त्यात त्याने नवं गिऱ्हाईक उभं केलं.

दोष द्यायचा तर मी 1971 च्या जर्मन वाइन कायद्याला देईन. त्याने हजारो छोट्या बागांची नावं मोठ्या नावांत विरघळवून टाकली आणि दर्जा मुख्यतः द्राक्षाच्या रसातल्या साखरेवर ठरवला. आधुनिक फिल्टरमुळे वाइन गोड ठेवणं सोपं झालेलंच होतं. लवकर पिकणारं म्युलर-थुर्गाऊ द्राक्ष लागवडीत रीसलिंगच्या पुढे गेलं. दोनेक दशकांत जर्मन वाइन म्हणजे गोड पाणी, अशी ख्याती झाली.

आता ग्लासकडे येऊ. माझं काम फ्रँकफर्टला, ऱ्हाईनच्या बागा ट्रेनने तासाभरात. एका मित्राकडे मोझेलची 1990 ची आउसलेझे चाखायला मिळाली. रंग गडद सोनेरी. पहिल्या वासाला चक्क पेट्रोल पंप. हा दोष नाही. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडपासून टीडीएन नावाचं रसायन वर्षानुवर्षं तयार होत जातं, त्याचा हा वास. दहा मिनिटांनी मध, मेण, सुकवलेले जर्दाळू, भाजलेला पाव. तळाशी बारीक स्फटिक दिसले तर घाबरू नका, ते टार्टरिक आम्लाचं मीठ, साखर नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: साखर बाटलीत तेवढीच असते, पण जिभेला ती कमी गोड लागते. खाली आंबटपणा ताठ उभा असतो. 50 अंश अक्षांशावर द्राक्षं सावकाश पिकतात, आम्ल टिकतं, त्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. नाशिकलाही रीसलिंग होते, पण 20 अंशांवरचा तो वेगळा जीव आहे, ती तरुणच प्यावी.

जेवणाबरोबर काय? 'रीसलिंग भारतीय जेवणाबरोबर मस्त' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. तरुण, किंचित गोड रीसलिंगबद्दल ते खरं आहे, तिखटाला ती छान आवरते. जुन्या बाटलीसमोर मात्र कोल्हापुरी रस्सा ठेवू नका, तीस वर्षांची मेहनत पहिल्याच घासात बुडेल. तिला धुरावलेला ट्राउट मासा द्या. सफरचंदाबरोबर भाजलेलं बदक किंवा हंस. जुन्या कोरड्या रीसलिंगला अल्सासकडचा शुक्रूट, म्हणजे आंबवलेली कोबी आणि डुकराचं मांस. आउसलेझे असेल तर हरणाचं मांस, सोबत लाल बेरींचा आंबटगोड सॉस. मुरलेली गोडी मिष्टान्नापेक्षा मांसाबरोबर खुलते. गोड केकसमोर तीच वाइन आंबट आणि लुळी वाटते. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, 10-12 अंश पुरे, आणि पहिला ग्लास घाईने संपवू नका.

त्या रात्री आम्ही चौघं होतो, बाटली एक, ट्राउट दोन. शेवटच्या घोटापर्यंत पेट्रोलचा वास पार गेला होता आणि फक्त संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी उरलं होतं. चला, पुढच्या भागात टोकायला जाऊ. भेटू.