पोत्सुओलीत एक दिवस: तीन खांब, थकलेलं भाडं आणि रिकामी केलेली टेकडी

नेपल्सच्या मोंतेसांतो स्टेशनातून कुमाना नावाची छोटी लोकल सुटते. साधारण अर्ध्या तासात ती तुम्हाला पोत्सुओलीत आणून सोडते. जुलैत जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, टोपी आणि पाणी जवळ ठेवा. रोमन अवशेषांना सावली नसते, आणि दुपारी एकनंतर तिथल्या काळ्या दगडी फरशीवर चालणं म्हणजे तव्यावर चालणं. बहुतेक पर्यटक पॉम्पेईला जातात, इकडे फार कोणी येत नाही. पण पुरावा कसा वाचायचा हे शिकायचं असेल तर मी पॉम्पेईआधी इथे जायला सांगेन.

थोडी पार्श्वभूमी. रोमनांचं पुतेओली ते हेच. इ.स.पू. 194 मध्ये इथे रोमन वसाहत झाली आणि पुढची दोनेक शतकं पूर्वेकडून येणारा माल मुख्यतः इथेच उतरायचा. अलेक्झांड्रियाची धान्याची जहाजं दिसली की सगळं गाव धक्क्यावर जमायचं, असं सेनेकाने एका पत्रात लिहिलं आहे. संत पॉल रोमला जाताना इथेच उतरला. प्लिनी ज्याच्या मुक्त केलेल्या गुलामाचं गलबत भरकटत श्रीलंकेला लागल्याचं सांगतो, तो आन्नियस प्लोकामस बहुधा इथल्याच व्यापारी घराण्यातला. आपल्या तेर आणि भोकरदनच्या हस्तिदंती मूर्तींशी साम्य असलेली जी मूर्ती पॉम्पेईत सापडली, ती याच बंदरातून आत गेली असेल का, हा मोह मलाही होतो. पण त्याला पुरावा नाही, म्हणून तो विषय इथेच सोडते.

स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर रस्त्याच्या पातळीखाली एक चौक दिसतो. त्याला सगळे ‘सेरापिसचं देऊळ’ म्हणतात. 1750 मध्ये बूर्बाँ राजाच्या माणसांनी इथे खोदलं तेव्हा सेरापिस या देवाची मूर्ती सापडली. मूर्ती सापडली म्हणजे देऊळ असणार, एवढाच तो तर्क. खरं तर ही मंडई आहे: भोवती दुकानांचे गाळे, मध्ये गोल चौथरा, कोपऱ्यांत सार्वजनिक शौचालयं. 1907 मध्ये शार्ल द्युब्वा या फ्रेंच अभ्यासकाने ते मांडलं. मंडईतही देव असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही भाजीवालीने अठराव्या शतकातच सांगितलं असतं! जुनं नाव मात्र अजून तोंडातून जात नाही. साधनाला एकदा चुकीचं नाव चिकटलं की पुढची दीडशे वर्षं लोक त्या नावालाच प्रश्न विचारत बसतात.

पण चौकातली खरी गंमत म्हणजे संगमरवरी तीन उभे खांब. जवळपास तेरा मीटर उंच. रेलिंगपाशी उभं राहून नीट बघा. खालचा साडेतीनेक मीटरचा भाग गुळगुळीत आहे. त्यावर एक पट्टा भोकाभोकांचा. त्याच्याही वर पुन्हा साधा दगड. ही भोकं दगड कोरून राहणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलेली आहेत, आणि हे शिंपले समुद्राच्या पाण्याशिवाय जगत नाहीत. म्हणजे खांब उभे असतानाच पाणी इथवर चढलं होतं. मग खालचा भाग कसा वाचला? तो तेव्हा गाळात आणि ढिगाऱ्यात गाडलेला होता, शिंपले तिथवर पोचलेच नाहीत. वरचा भाग पाण्याबाहेर राहिला. तीन पट्टे, तीन परिस्थिती.

हे आज सोपं वाटतं. गटेने मात्र सुचवलं होतं की समुद्र चढलाच नसेल, ज्वालामुखीच्या राखेमुळे तिथेच एखादं तळं साचलं असेल. घन जमीन खाली जाऊन परत वर येते हे मानणं अनेकांना जड जात होतं. चार्ल्स लायेल 1828 मध्ये इथे आला, आणि 1830 साली निघालेल्या त्याच्या भूविज्ञानाच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात सुरुवातीचं चित्र याच खांबांचं आहे. त्याचा मुद्दा असा: समुद्राची पातळी सगळीकडे इतकी चढली असती तर तिच्या खुणा इतरत्रही दिसायला हव्यात. त्या दिसत नाहीत, म्हणजे हललीय ती इथली जमीन. आणि खांब अजून उभे आहेत, म्हणजे ती हळूहळू हललीय. पुढे शिंपल्यांच्या अवशेषांचं कार्बन कालमापन झालं आणि 2006 मध्ये निष्कर्ष आला की पाणी एकदा नव्हे, तीनदा सुमारे सात मीटरपर्यंत चढलं होतं: पाचव्या शतकात, मध्ययुगाच्या सुरुवातीला, आणि 1538 मध्ये शेजारी मोंते नुओवो हा ज्वालामुखी फुटण्याआधी. लायेलची दिशा बरोबर होती, पण एकाच खांबावर तीन बुडणं एकमेकांवर चढलेली आहेत हे नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं.

आता दुसरा पुरावा. हा दगडावर कोरलेला, ग्रीक भाषेतला. इ.स. 174 च्या जुलैत इथे राहणाऱ्या टायरच्या व्यापाऱ्यांनी मायदेशी एक पत्र लिहिलं. सारांश असा: आमची इथली वखार इतर सगळ्यांपेक्षा मोठी आणि देखणी आहे. पूर्वी आम्ही पुष्कळ होतो, पैसेवाले होतो. आता थोडेच उरलोय, पूजेचा आणि सणांचा खर्च आहे, वर्षाचं 250 दिनारी भाडं झेपत नाही, तेवढं तुम्ही द्या. पाठ्यपुस्तकं हे पत्र पुतेओलीच्या उतरत्या काळाचा पुरावा म्हणून देतात. क्लॉडियसने आणि नंतर ट्रेजनने रोमजवळच बंदर बांधलं, व्यापार तिकडे सरकला, हे टायरवाले मागे राहिले.

असेलही. पण आधी कागदाचा प्रकार बघा. हा अनुदानाचा अर्ज आहे! आपल्यापैकी ज्यांनी फेलोशिपचे फॉर्म भरलेत त्यांना कळेल की अशा कागदात कोणीही ‘आमचं बरं चाललंय’ असं लिहीत नाही. त्याच दगडावर टायरच्या सभेतली चर्चाही आहे. तिथे एक जण उठून सांगतो की हे भाडं आजवर रोममधली वखारच आपल्या उत्पन्नातून भरत आली आहे. म्हणजे भांडण दोन वखारींमधलंही आहे. पत्र टाकून द्यायचं असं नाही. रोमच्या वखारीकडे उत्पन्न होतं आणि इथे नव्हतं, एवढं त्यातून निघतंच. संपूर्ण शहर बुडीत निघालं हे मात्र निघत नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बंदराच्या डोक्यावरची रिओने तेर्रा ही टेकडी चढा. गावाचा हा सगळ्यात जुना भाग. 1964 मध्ये इथल्या कॅथेड्रलला आग लागली आणि भिंतींच्या आतून ऑगस्टसच्या काळातल्या देवळाचे खांब बाहेर आले. टेकडीच्या पोटात रोमन रस्ते आहेत, दुकानं आहेत, बेकरी आहे. आत गारवा असतो, दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटतं. मात्र हे सगळं खणायला मिळालं कारण वर कोणी राहत नव्हतं. 2 मार्च 1970 ला, जमीन उचलली जातेय म्हणून, सैनिक आणि पोलिसांनी तिथल्या रहिवाशांना घराबाहेर काढलं. बहुतेक गरीब कोळी कुटुंबं. ती परत आली नाहीत. धोका खरंच तेवढा होता की जागा मोकळी करायची होती, यावर गावात अजून वाद होतो. 1982 ते 84 मध्ये जमीन पुन्हा सुमारे 1.8 मीटर वर आली, हजारो लोक हलवले गेले, त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो नावाची नवी वस्ती उभारली.

त्यामुळे उत्खननाचे अहवाल वाचताना मी आता आधी बघते की ती जागा रिकामी कशी झाली, हे कुठल्या पानावर लिहिलंय. बहुधा प्रस्तावनेत एक वाक्य असतं. लायेलला जी हालचाल दगडात वाचायची होती ती इथे राहणाऱ्यांच्या भिंतींत चालू आहे: 2005 पासून जमीन परत एक मीटरहून जास्त उचलली गेली आहे, आणि मार्च 2025 मध्ये 4.6 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा लोकांनी रात्र रस्त्यावर आणि गाड्यांमध्ये काढली.