गंधकाचा वास

डिफरन्शियलचं झाकण उघडलं की आधी गंधकाचा उग्र वास येतो. तीस वर्षं झाली, मला तो आवडतो. त्या झाकणाखालचं बेअरिंग मात्र बग्गीतून आलं. सेंट लुईसच्या हेन्री टिमकेनचा धंदा बग्ग्या बांधण्याचा. वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटा साध्या बेअरिंगला सोसेना. त्यानं निमुळत्या रोलरचं बेअरिंग शोधून काढलं. पेटंट १८९८ चं. रेसच्या गाडीच्या डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरला, पिनियनला, मी आजही तेच बसवतो, पण अंदाजानं आवळत नाही, किती जड फिरतं ते स्प्रिंगकाट्यानं ओढून बघतो. पुढे १९२० च्या दशकात पॅकार्डनं हायपॉइड गिअर आणले. त्यांत पिनियन मोठ्या गिअरच्या मध्यापेक्षा खाली सरकला, गाडी बुटकी झाली, मात्र दाते एकमेकांवर जोरात घसटू लागले. साध्या तेलाचा थर तिथे फाटतो. म्हणून तेलात गंधक आलं. तापलेल्या पोलादावर ते स्वतःचा पातळ पापुद्रा धरतं.