पाणी की हवा? : दाब-चाचणीची दोन शतके

यंत्रयुगाचा इतिहास सांगताना आपण इंजिनांची, आगगाड्यांची, विमानांची नावे घेतो. ही यंत्रे वापरात येण्यापूर्वी कशी तपासली गेली, हा भाग मात्र सहसा वगळला जातो. पाइप असो वा टाकी, आतल्या दाबाला ती टिकेल का, हे पाहण्याचा जुना आणि सरळ मार्ग म्हणजे नेहमीपेक्षा थोडा अधिक दाब देऊन बघणे. पण यात एक पेच आहे. टाकी टिकली तर उत्तमच; नाही टिकली, तर ही चाचणीच अपघात ठरू शकते. म्हणून या इतिहासात ‘किती दाब द्यायचा’ या प्रश्नाइतकाच ‘कशाने द्यायचा’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पाण्याने की हवेने?

बॉयलरचा धडा

१८०३ साली लंडनजवळच्या ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसे दगावली. उच्च दाबाच्या वाफेला जेम्स वॉटचा आधीपासूनच विरोध होता. या स्फोटाने विरोधकांना आयते हत्यार मिळाले. ट्रेव्हिथिकने उत्तर दिले ते सुधारणांनी. त्याने एकाऐवजी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले, पाणी आटल्यास वितळणारे शिशाचे बूच लावले, पाऱ्याचा दाबमापक जोडला आणि बॉयलर पाण्याच्या दाबाने तपासून घेण्याचा पायंडा पाडला.

पुढे हा पायंडा कायद्यांत शिरला. फ्रान्सने १८२३ मध्ये आणि अमेरिकेने आगबोटींसाठी १८५२ मध्ये बॉयलरची जलदाब चाचणी सक्तीची केली. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ जण मेले. त्या धक्क्यातून तिथे कडक नियम आले आणि १९१४ मध्ये अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे ‘एएसएमई’ची, बॉयलर-संहिता तयार झाली. आपल्याकडे कलकत्त्यातील १८६३ च्या स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली कायदा झाला. सबंध देशासाठी बॉयलर कायदा यायला १९२३ उजाडले.

पाणीच का?

पाणी जवळजवळ दाबले जात नाही. हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि वाट मिळताच उसळते. एक घनमीटरची टाकी घ्या आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा १० बारने वाढवा. टाकीत पाणी असेल तर त्यात साठणारी ऊर्जा साधारण २३० जूल, म्हणजे २३ किलोचे ओझे मीटरभर उचलण्याइतकी. हवा असेल तर हाच आकडा सुमारे १४ लाख जूल होतो. एक टनाची मोटार सव्वाशे मीटरपेक्षा उंच फेकायला एवढी ऊर्जा पुरेल. ती साधारण पाव ते अर्धा किलो टीएनटीच्या तोडीची आहे. दोन्ही वेळा गेजवरचा काटा एकाच आकड्यावर असतो, धोका मात्र सुमारे सहा हजार पटींनी वेगळा. काटा दाब दाखवतो, साठलेली ऊर्जा दाखवत नाही. पाण्याने टाकी फाटली तर चिळकांडी उडते आणि दाब क्षणात उतरतो. हवेने फाटली तर तुकडे गोळीसारखे सुटतात.

टाकीत बुडवलेले विमान

पाण्याची ही निवड किती मोलाची ठरू शकते, याचे ठळक उदाहरण विमानाच्या इतिहासात सापडते. उंचावर उडणाऱ्या विमानाची केबिन म्हणजे हवा भरलेली टाकीच. १९५२ साली प्रवासी सेवेत आलेल्या ब्रिटिश ‘कॉमेट’ या जेट विमानांपैकी दोन १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये इटलीजवळच्या समुद्रावर हवेतच फुटली. पहिल्यात ३५, दुसऱ्यात २१ माणसे गेली. पहिले विमान सिंगापूरहून कलकत्ता, कराची, रोम असे थांबे घेत लंडनला निघाले होते.

फार्नबरो येथील संशोधन केंद्रात सर आर्नॉल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवले गेले. पंख तेवढे बाहेर. केबिनच्या आत आणि बाहेर पाणी भरून आत दाब वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा वाढवायचा. जणू उड्डाणामागून उड्डाण. आधीची खरी उड्डाणे धरून सुमारे ३,०६० फेऱ्यांनंतर, जूनच्या अखेरीस केबिन फाटली. हीच चाचणी हवेने केली असती तर केबिनच्या चिंध्या झाल्या असत्या आणि पहिली चीर कुठली, हे शोधणे फार कठीण गेले असते. पाण्यामुळे ती जागच्या जागी सापडली. धातू थकला होता.

याच तपासातून आणखी एक गोष्ट उघड झाली. कारखान्याने नमुन्याच्या केबिनवर आधी दुप्पट दाब दिला होता आणि मग तिच्यावरच हजारो फेऱ्यांची चाचणी घेतली होती. त्या जादा दाबाने ताणाच्या जागचा धातू नकळत टणक झाला, आणि प्रत्यक्ष विमानांत नसलेले आयुष्य नमुन्यात दिसले. चाचणीत ‘पास’ झालेली वस्तू आणि सुरक्षित वस्तू, या दोन्ही एकच असतील असे नाही.

हवा टाळता येत नाही तेव्हा

तरीही काही ठिकाणी पाणी चालत नाही. अतिशीत द्रववायूच्या पाइपांत राहिलेला ओलावा गोठतो. कुठे पाण्याचे वजन आधारांना पेलत नाही. तिथे हवा किंवा नायट्रोजन वापरावा लागतो, आणि नियमांचा सूर बदलतो. एएसएमईच्या आजच्या संहितेत टाक्यांची जलदाब चाचणी साधारणपणे संकल्पित दाबाच्या १.३ पट, तर वायूची १.१ पट असते. आधी निम्म्या दाबापर्यंत सावकाश जायचे, मग एक-दशांशाच्या पायऱ्यांनी वर. कमाल दाब असताना कोणी जवळ जायचे नाही. दाब उतरवल्यावरच सांधे तपासायचे. साठलेल्या ऊर्जेचा हिशेब करून माणसे किती दूर ठेवायची तेही ठरते. मोठ्या चाचण्यांत ते अंतर ३० ते ६० मीटर असते. २००९ च्या फेब्रुवारीत शांघायच्या द्रववायू प्रकल्पात वायुदाब चाचणी चालू असताना पाइप फुटून एक जण मेला आणि अनेक जखमी झाले. कॉम्प्रेसर हाताशी आहे, पाणी भरा-काढायला वेळ लागतो, म्हणून हवा वापरणे हा या सगळ्या इतिहासाचा अपमान आहे.

दोन्ही माध्यमांची योग्य वाटणी आपल्या स्वयंपाकघरात पोहोचलेली आहे. गॅस सिलिंडरची मजबुती पाण्याच्या दाबाने तपासतात. गळती मात्र बऱ्याच कमी दाबाच्या हवेने, सिलिंडर पाण्यात बुडवून, पंक्चरवाला ट्यूब बुडवून बुडबुडे शोधतो तशी. देशातील सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. सिलिंडरच्या गळ्यापाशी असलेल्या पट्टीवर ‘ए’ ते ‘डी’पैकी एक अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात : ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि पुढे तसेच. पुढच्या सक्तीच्या चाचणीची ती मुदत. सिलिंडर दारात आला की पट्टी वाचावी, आणि मुदत टळली असेल तर तो परत पाठवावा.