ऑक्टोपॅडवरचा आरोप

पाडवा झाला, बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गावोगावच्या यात्रा लागल्या, की पारावर एक वाक्य हमखास कानावर येतं: आता कसला तमाशा, नुसता ऑर्केस्ट्रा झालाय. शिकलेली मंडळी हेच जरा ठाकठीक भाषेत मांडतात. त्यांचा पूर्वपक्ष असा, की ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज हा तमाशाचा अस्सल बाज. फडमालकांनी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आणला, सिनेमाची गाणी घुसवली आणि पिढीजात कला आपल्या हातानं बुडवली. हे मत इतकं अंगवळणी पडलंय की ते तपासून पाहायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मला ते साफ चुकीचं वाटतं. त्यात खऱ्या दुखण्याकडे पाठ फिरते आणि दोष मात्र फडावर येतो, म्हणून त्याचं खंडन करणं भाग आहे.

अस्सल बाज म्हणतात तो नेमका कोणत्या सालचा? लावणीच्या बैठकीत ढोलकीच्या जागी तबला आणल्याचं श्रेय परंपरेनं होनाजी बाळाला जातं, म्हणजे ही उलथापालथ पेशवाईतच झाली. ज्या पेटीवर आज आपण ‘पारंपरिक’ लावणी ऐकतो ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. क्लॅरिओनेट आली लष्करी बँडच्या वाटेनं. आणि ज्या वगाच्या नावानं हे टीकाकार हळहळतात, तो वगही तमाशात जन्मापासून नव्हता. पहिला वग म्हणून ‘मोहना बटाव’चं नाव घेतात, तो उमा बाबाजी सावळजकरांचा, १८६५ सालचा. त्याआधीचा तमाशा गण, गवळण, लावणी, सवाल-जवाब यांवर उभा होता. वग आला तेव्हा तोही नवाच होता. त्या नवेपणाला आज आपण परंपरा म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

बारामतीकरांना तर हे सांगायला दूर जायला नको. मोरोपंत इथलेच, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिलेले. आर्या लिहाव्यात पंतांनी, आणि त्या कीर्तनातून घरोघरी पोचवाव्यात सोलापूरच्या रामजोशींनी! रामजोशी तमाशाच्या फडावर उभा राहणारा, शृंगारिक लावण्या रचणारा शाहीर. पंडिताचं काव्य आणि फडावरचा गळा दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी असे एकत्र आले, आणि त्यानं ना आर्या बाटली, ना लावणी. शुद्धतेची चौकट पुढं आली ती बाहेरच्यांनी आखलेली. ज्या जातींनी ही कला जगवली त्यांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या समाजानंच तिच्याकडून सोवळेपणाची अपेक्षा केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली, तीही ‘सुधारणे’च्याच नावाखाली.

आता जरा लांब पाहू. अमेरिकेत जॉर्ज क्लिंटनचा ‘पार्लमेंट-फंकाडेलिक’ नावाचा जथा आहे. फंक, रॉक आणि डोकं गरगरवणारे नाद यांची मिसळ करणारा. सत्तरच्या दशकात भडक पोशाखातली माणसांची फौज आणि रंगमंचावर उतरणारं अंतराळयान घेऊन ही मंडळी गावोगाव फिरली. त्यांच्या ‘फ्लॅश लाइट’ या गाण्यात बेस गिटारच नाही. तो सगळा खर्ज जथ्यातल्या बर्नी वॉरेलनं सिंथेसायझरवर वाजवला. त्यानं फंक बुडाला असं कुणी म्हणत नाही, उलट पुढच्या पिढ्यांनी तोच नाद उचलला. २०१८ साली पंच्याहत्तरी ओलांडलेला क्लिंटन ‘पार्लमेंट’च्या नावानं ३८ वर्षांनी नवा अल्बम काढून पुन्हा दौऱ्यावर निघाला. विषय काय, तर औषधांच्या धंद्यानं माणसाची केलेली गत. चालू जगाची अशी झाडाझडती आपल्या बतावणीत आणि वगात पिढ्यानपिढ्या होत आलीय. तिकडं सिंथेसायझर आला की प्रयोग, आणि आपल्या फडात कीबोर्ड आला की भ्रष्टाचार, हा न्याय मला मान्य नाही.

वाद्याची गोष्ट जवळून पाहिली तर आरोपातली हवाच निघते. हलगीचं कातडं गारठ्यात सैल पडतं. माघातल्या रात्री, नुकतं पाणी दिलेल्या उसाच्या फडाशेजारी कनात लागली असेल तर विचारूच नका. हलगीवाला पाचट पेटवतो, हलगी जाळावर फिरवतो, बोटानं टिचकी मारून कान लावतो आणि टणकार आला की धावत रंगमंचावर जातो. तासाभरात पुन्हा तेच. रोलँड या जपानी कंपनीचा १९८५ साली आलेला ऑक्टोपॅड आठ चौकोनांवर बडवायचा, त्याला ना गारठा ना जाळ. चार वाजवणाऱ्यांचं काम एक माणूस करतो आणि ट्रकमध्ये जागा उरते. फडमालकानं तो घेतला याचं कारण इतकं साधं आहे. आणि हलगीवाला गेलेला नाही. गणाला पहिली थाप आजही ढोलकी-हलगीचीच पडते.

सिनेमाच्या गाण्यांचं म्हणाल तर आधी उसनवारी कुणी केली? ‘सांगत्ये ऐका’, ‘पिंजरा’, ‘नटरंग’ उभे राहिले ते तमाशाच्या जिवावर. फडानं रंगबाजीत चार गाणी परत घेतली तर ती घरचीच उसनवारी फिटली म्हणायची.

मात्र पूर्वपक्षातली एक गोष्ट खरी आहे: वग आटलाय. विठाबाई नारायणगावकरांच्या किंवा कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशात वग पहाटेपर्यंत रंगायचा. पण तो आटवला घड्याळानं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या पोराला या नियमाचा आधार आहे, तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण त्याचा भार कुणावर पडला ते पाहा. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, कनातीला नाही. इंदापूर-बारामतीतला प्रेक्षक गोठ्यातल्या धारा काढून, डेअरीला दूध घालून, पाण्याची पाळी असेल तर मोटार सुरू करून यायचा. आठ-साडेआठच्या आत कनात भरत नाही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी होईतो बंदोबस्तावरचा हवालदार मनगटाकडे बोट दाखवतो. मग कापायचं काय? शेवटी येतो तो वग. सकाळच्या हजेरीच्या खेळांत तर गाण्यांचीच फर्माईश, कारण दुपारी कुस्त्यांचा आखाडा असतो. दरवर्षी दसऱ्याला नवा वग बसवायचा, त्याच्या तालमी करायच्या, कपडेपट शिवायचा, आणि यात्रेत तो अर्धाच उघडायचा. कुठला फडमालक त्यात सावकाराचे पैसे घालेल?

तेव्हा ज्यांना तमाशाची कळकळ आहे त्यांनी ऑक्टोपॅड सोडून त्या नियमातल्या तरतुदीकडे पाहावं. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे. त्यातले बरेच दिवस गणपती, नवरात्र आणि ३१ डिसेंबरला जातात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी त्यातले काही दिवस मागायला हवेत. आणि यात्रा कमिटीनं नारायणगावला फडमालकाच्या राहुटीत सुपारी ठरवतानाच अट घालावी, की आमच्या गावात रंगबाजी दोन गाण्यांची पुरे, यंदाचा नवा वग मात्र साडेनऊला उघडून मध्यरात्रीच्या आत पुरा झाला पाहिजे.