पत्र्यावरचा ब्रश, पॅडवरचा पेन

मुंबई-गोवा महामार्गावर पाली मागे टाकून राजापूरकडे निघालं की वाटेत लांजा लागतं. अशा तालुक्याच्या गावात दुकानाचं नाव लिहिणं हे एकेकाळी पेंटरचं काम. पत्र्याला रंगाचा हात द्यायचा, खडूची पूड लावलेला दोरा ताणून फटकारायचा आणि उमटलेल्या रेघेखाली अक्षरं बांधत जायची. वळण पेंटरगणिक वेगळं. कोपऱ्यातली सही न बघताही जाणकार सांगायचा, पाटी कोणाची ते.

मग डीटीपी आलं, पाठोपाठ फ्लेक्स. लग्नपत्रिका, दवाखान्याची पाटी, वाढदिवसाचा बॅनर सगळं त्याच चार-सहा फॉन्टांत.

गंमत म्हणजे संगणकाला हाताची रेघ समजावण्याची खटपट डीटीपीच्याही आधीची. १९६४ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने पेनने रेघ काढायचा दहा इंची चौरस पॅड तयार केला. आत तारांची जाळी, इंचाला शंभर रेघा, किंमत १८,००० डॉलर! घरच्या संगणकाला परवडणारा कोआलापॅड यायला १९८० चं दशक उजाडलं. तो मुळात शाळांसाठी योजलेला. चित्राला जागा जेमतेम चार इंच. १९८३ मध्ये जपानात वॅकॉम सुरू झाली. तिच्या पेनला ना वायर, ना बॅटरी. पॅडमधल्या चुंबकीय क्षेत्रावरच पेनातली कॉइल जागी होते. तिचा १९९८ चा इंटुओस पॅड पेनाच्या दाबाच्या १,०२४ पायऱ्या ओळखायचा.

नागरीचं घोडं मात्र दाबापाशी नाही, कोनापाशी अडतं. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं आणि अक्षराचा जाड-बारीकपणा त्या कापातून येतो. हा काप रोमनच्या उलट बाजूचा. त्यामुळे सॉफ्टवेअरमधला रोमन वळणाचा तयार ब्रश तसाच उचलला, तर 'क' परक्या मुलखातला वाटतो. कोन फिरवून घ्यावाच लागतो. दुसरी खोड अशी, की पॅडचा कोपरा तोच स्क्रीनचा कोपरा. दोन्हींच्या लांबी-रुंदीचं प्रमाण जुळवलं नाही, तर वर्तुळ लंबगोल होतं आणि 'ठ' चेपला जातो. नवशिक्या बिचारा दोष हाताला देतो.

कोनाचं हे मर्म र. कृ. जोशी यांना पुरतं ठाऊक होतं. जाहिरातक्षेत्रातून मुंबईच्या आयआयटीत शिकवायला आलेला हा कवी आणि सुलेखनकार पुढे एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतल्या संगणकतज्ज्ञांबरोबर बसला. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच. हाताच्या अक्षरावर जीव असलेल्या माणसाचा फॉन्ट सरकारी कचेऱ्यांतल्या टंकलेखनाचा ठरावा, हा योगच म्हणायचा.

हा पॅड, म्हणजे पेन टॅब्लेट, अनेक मास्तरांच्या टेबलावर पोचला तो २०२० च्या टाळेबंदीत. माऊसने वर्गमूळ लिहून बघितलेल्या गणिताच्या शिक्षकाला त्याची महती वेगळी सांगायला नको. कोकणात रेंजसाठी मुलं डोंगर चढत होती, ते दिवस.

आता स्वस्तातले चिनी पॅडही दाबाच्या ८,१९२ पायऱ्या मोजतात. हात घडवायचा तर लांज्याच्या शेजारच्या संगमेश्वर तालुक्यात देवरुखला आणि पुढे चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कलामहाविद्यालयंही आहेत. मराठी सिनेमाची शीर्षकं आणि गणेश मंडळांची नावं आज अनेकदा पॅडवर हाताने काढली जातात. छपाई मात्र होते फ्लेक्सवरच.